वरच्या मजल्यावरचे कॅप्टन

बाबा ड्रेस्डेनला आले तेव्हा त्यांच्या व्हिसाचे नव्वद दिवस होते आणि माझ्यापाशी त्यांना सांगायची एक गोष्ट होती. आइनब्युर्गरुंगचा, म्हणजे इथल्या नागरिकत्वाचा अर्ज मी त्यांना न विचारता भरून टाकला होता. मंजुरीचं पत्रही आलं होतं. आम्टच्या कचेरीत जाऊन एक सही केली की मी जर्मनीची, मग भारताचा पासपोर्ट परत करायचा आणि संपलं. अकरा वर्षांपूर्वी नाशिकचं घर सोडताना मी बाबांना 'दोनच वर्षं हं' म्हणाले होते. पुढे तो विषय त्यांनीही काढला नाही आणि मीही नाही. आई होती तोवर बोलायला मधे ती होती. गेल्या दिवाळीत ती गेली, आणि आम्हा दोघांत व्हॉट्सॲपवरचं 'जेवलीस का' तेवढं उरलं.

असलं काही फोनवर सांगायचं नसतं, समोर बसून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी म्हटलं, दमून आलेत. पहिल्या आठवड्यात म्हटलं, जरा रुळू देत. तिसऱ्या आठवड्यात मला माझाच राग यायला लागला, आणि तो मी बाबांवर काढला. कागदाच्या डब्यात प्लास्टिक टाकलं म्हणून सत्तरीच्या माणसाला मी असं काही झापलं की बास. ते शांतपणे डब्यात हात घालून प्लास्टिक वेचत बसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

बाबा एअरफोर्समध्ये होते. वैमानिक नव्हेत. लोकांना एअरफोर्स म्हटलं की लगेच गॉगल लावलेला वैमानिक दिसतो, म्हणून आधीच सांगते. बाबा मिग विमानांचे मेकॅनिक होते, तीस वर्षं. टीव्हीवर राष्ट्रगीत लागलं तर आमटीभाताचा हात तसाच धरून उभे राहणारे. त्यांच्या गावातला एकजण फौजेतून सुट्टीवर आला आणि परत गेलाच नाही. त्याच्या मुलीच्या लग्नात बाबांनी अक्षता टाकल्या आणि न जेवता एसटी पकडली. 'पळपुट्याच्या घरचं पान नको,' एवढंच म्हणाले होते. त्या माणसाला मी कोणत्या तोंडाने सांगायचं की तुमची मुलगी पासपोर्ट परत करतेय?

मी सकाळी सातला घर सोडायची. चिप बनवणाऱ्या कारखान्यात नोकरी, त्यामुळे दिवसभर पांढऱ्या झग्यात आणि फोन बाहेरच्या कपाटात. मधल्या सुट्टीत फोन केला की बाबा म्हणायचे, मजेत आहे. काय कप्पाळ मजेत! भाषा येत नाही, कुणी ओळखीचं नाही, खाली बाकावर बसावं तर शेजारी बसलेलं माणूस उठून जातं. मला तर आठ वर्षं झाली होती त्या इमारतीत, आणि मी तरी कुणाला ओळखत होते? जिन्यात 'हालो', लिफ्टमध्ये 'चुस', की झालं. बाबांनी घरातले खण नीट बसवले, दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं, नळाचे वायसर बदलले. पुढे दुरुस्त करायला काही उरलं नाही, तेव्हा त्यांनी चांगला चालणारा मिक्सर उघडला. संध्याकाळी येऊन बघते तर वर्तमानपत्रावर सगळे भाग ओळीने मांडलेले. बोलायला जागा कुठे होती.

मग एका शनिवारी दुपारी आमच्या घरावरून एक विमान गेलं. आमच्याकडे विमानतळ जवळ, त्यामुळे मला ते ऐकूही येत नाही. बाबा मात्र गॅलरीत जाऊन डोळ्यांवर हात धरून उभे. माझं लक्ष वर गेलं. वरच्या मजल्यावर, जरा तिरकं, एक म्हातारे गृहस्थ अगदी तसेच उभे, डोळ्यांवर हात. विमान दिसेनासं झालं आणि दोघांची नजरानजर झाली. बाबांना काय वाटलं कोण जाणे, त्यांनी दोन्ही मुठी एकमेकींना टेकवल्या, अंगठे बाहेर, आणि झटक्यात हात फाकवले. विमानाच्या चाकांना लावलेले ठोकळे, चॉक म्हणतात त्यांना, ते काढले अशी ती खूण. जगात कुठल्याही धावपट्टीवर चालते म्हणे. वरच्या आजोबांनी ताठ उभं राहून अंगठा वर केला. दुसऱ्या दिवशी ते केक घेऊन माझ्या दारात.

तेही मिगवाले निघाले. वैमानिक. बाबांनी त्यांचं नाव लगेच कॅप्टन ठेवून टाकलं. त्यांचं खरं नाव बाबांच्या जिभेवर कधी बसलंच नाही. त्या दिवसापासून रोज सकाळी अकराला बेल वाजायची. बाबा आल्याचा चहा करायचे. भाषा कसली? थोडे हातवारे, आणि थोडी रशियन, कारण दोघांच्याही विमानांवर सगळ्या पाट्या रशियन. तोप्लिवो म्हणजे इंधन, मास्लो म्हणजे तेल. उरलेलं सुपरमार्केटच्या जाहिरातींच्या मागे चित्रं काढून. मी संध्याकाळी यायची तेव्हा बटाट्यांच्या सवलतीच्या मागे विमानाची चाकं काढलेली असायची. बाबा दाढी करायला लागले रोज. स्वयंपाक करताना गुणगुणायला लागले. मला केवढं हायसं वाटलं, आणि खोटं कशाला बोलू, जरा पोटातही दुखलं. माझ्याशी त्यांचं इतकं बोलणं गेल्या अकरा वर्षांत झालं नव्हतं.

शनिवारी दुभाषी म्हणून मी. अशाच एका शनिवारी कॅप्टननी आपली गोष्ट सांगितली. तेव्हा जर्मनी दोन होत्या, आणि एकमेकींच्या वैरी. ड्रेस्डेन पूर्वेतलं. कॅप्टन सव्वीस वर्षांचे, पूर्वेच्या हवाई दलात. एका सकाळी सरावासाठी म्हणून उडाले ते सरळ सीमा ओलांडून पश्चिमेतल्या लष्करी धावपट्टीवर उतरले. विमानासकट शत्रूच्या स्वाधीन. हे सांगून ते थांबले आणि बाबांच्या तोंडाकडे बघू लागले.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांसमोर ते लग्नाचं न खाल्लेलं जेवण आलं. वाटलं, हे सांगितलं की उद्या अकराला दार उघडणार नाही, आणि हा माणूस परत मिक्सर उघडून बसेल. मी म्हटलं, "पुढे त्यांची पश्चिमेकडे बदली झाली."

"अरे वा," बाबा म्हणाले, आणि त्यांच्या कपात आणखी चहा ओतला. कॅप्टनच्या डोळ्यांत पाणी आलं. मी बाबांना वाचवलं असं मी स्वतःला सांगितलं. खरं तर मी माझी कातडी वाचवत होते. कॅप्टनना पळपुटा म्हटलेलं मला ऐकायचं नव्हतं, कारण पुढची पाळी माझी होती.

जून संपत आला तसे कॅप्टन एक फोटो घेऊन आले. बहिणीनं इतकी वर्षं जपलेला. विमानाच्या शिडीला टेकून उभे कॅप्टन, तरणेबांड, हसताहेत. दुसरं कुणीही त्यांच्याकडेच बघितलं असतं. बाबांनी चष्मा लावला आणि त्यांचं बोट गेलं ते कडेला, चाकाजवळ उभ्या असलेल्या माणसावर. डांगरी घातलेला, हातात फडकं.

"हा कोण, विचार," बाबा म्हणाले.

कॅप्टन बोलायला लागले ते थांबेनातच. हा त्यांचा मेकॅनिक. चार वर्षं एकत्र. त्या सकाळी टाकी काठोकाठ भर म्हटल्यावर त्यानं मुकाट भरली. खुर्चीत बसवून पट्टे आवळले. आणि शिडी काढताना म्हणाला, डावा टायर झिजलाय, उतरताना जपून. कॅप्टन शत्रूच्या धावपट्टीवर उतरले तेव्हाही डावा टायर जपत उतरले. मागे राहिलेल्या मेकॅनिकची कित्येक महिने चौकशी झाली. टाकी का भरलीस, तुला माहीत होतं का. विमानाला परत हात लावू दिला नाही त्याला. उरलेला जन्म कोळशाच्या ट्रकवर गेला. दोन्ही देश एक झाल्यावर कॅप्टन ड्रेस्डेनला परत आले ते ह्याच माणसासाठी. तो एस-बान लोकलने तासाभरावर राहतो. कॅप्टन एकदा गेले, दारावरची पाटी वाचली, आणि बेल न दाबता परत आले. त्याला आता अठरा वर्षं झाली.

मग ते मला म्हणाले, तुझ्या वडिलांना सांग, हवाई दलातल्या लोकांपैकी इतक्या वर्षांत कुणी माझ्याबरोबर टेबलाला बसलं नाही. ह्यांना माझं सगळं माहीत आहे आणि तरी हे मला रोज चहा देतात. म्हणून ह्यांनाच विचारतो. मी जाऊ का त्याच्याकडे?

मी काय केलं होतं ते मला तेव्हा कळलं. मी बाबांना म्हटलं, "त्यांचा मेकॅनिक आहे. फार चांगला होता म्हणतात."

बाबांनी चष्मा काढला. "ते दहा मिनिटं बोलले. रडतायत. आणि तू एका ओळीत उरकलंस? सगळं सांग."

सगळं सांगितलं. बदलीचं खोटंही सांगितलं. बाबा चिडले असते तर बरं झालं असतं. ते उठले, स्वतःचा कप आणि कॅप्टनचा अर्धा भरलेला कप उचलला, दोन्ही विसळून पालथे घातले आणि आपल्या खोलीत गेले. कॅप्टननी हळूच विचारलं, त्यांना माहीत नव्हतं? मी 'नव्हतं' अशी मान हलवली. त्यांनी फोटो कोटाच्या खिशात ठेवला, बटण लावलं, मला 'डांके' म्हणाले आणि निघून गेले. त्या आभारांची मला आजही लाज वाटते.

त्यानंतर अकरा वाजता बेल नाही. बाबा गॅलरीत उभे राहायचे, विमान गेलं तरी मान वर करायचे नाहीत. माझ्याशी कामापुरतं. भाजी काय आणू, कपडे वाळले का. तीन माणसं, एका इमारतीत, आणि कुणी कुणाशी बोलत नाही. दहा-बारा दिवस मी सहन केलं. मग एका रविवारी एल्ब नदीच्या काठी फिरताना माझा तोल सुटला. म्हटलं, तुम्हाला काय माहीत बाबा, तुम्ही कधी भिंतीच्या आत राहिला होतात? माणसाला वाटतं दुसरीकडे जावं. जातो. देश सोडला म्हणजे काय माणूस मारला? सगळ्यांनी जन्मभर एकाच जागी सावधान उभं राहायचं का? एकूण काय, मी बरंच बोलले, आणि त्यातलं निम्मं कॅप्टनबद्दल नव्हतंच.

बाबा चालत राहिले. मग एका बाकावर बसले.

"देश सोडला त्याचं मला काही नाही," ते म्हणाले. "त्याला पटलं नाही, तो गेला. पण खाली एक माणूस उभा होता ना गं. त्याला टायरची काळजी होती."

आणि मग त्यांनी मला जे सांगितलं ते आईलाही कधी सांगितलं नव्हतं. माझ्या जन्माच्या आधीचं. बाबा तेव्हा कॉर्पोरल, उत्तरेतल्या कुठल्याशा तळावर. लिहिलेला नियम नव्हता, पण रीत होती. ज्यानं विमान उडायला दिलं, ते उतरेपर्यंत त्यानं जागा सोडायची नाही. त्या सकाळी बाबांनी एका तरुण वैमानिकाचे पट्टे आवळले, शिडी काढली, चॉक काढले. पाऊण तासात परत यायचा होता. बाकीची विमानं उतरली, बाकीचे मेकॅनिक जेवायला गेले. बाबा चॉक घेऊन उभे. ऑफिसरांच्या जीपा धावत गेल्या, परत आल्या. कॉर्पोरलला कोण सांगतो? ऊन तापलं, उतरलं. चार वाजता मेसमधला आचारी सायकलवरून जाताना थांबला आणि म्हणाला, अरे, तू अजून इथंच? तो तर सकाळीच पडला.

"माझा मेला, त्याचा पळाला," बाबा म्हणाले. "पण उभं राहणाऱ्याला ते कुठं कळतं? दोघांनाही कुणी सांगितलं नाही."

तेव्हा सांगायला हवं होतं मी. शेजारी बसले होते, हातभर अंतर नव्हतं. तोंड उघडलं आणि म्हटलं, चला, ऊन वाढतंय.

घरी आल्यावर बाबांनी चपलाही काढल्या नाहीत. म्हणाले, वर जा आणि त्यांना सांग, जा म्हणावं. पाटी वाचून परत यायचं नाही. बेल दाबायची. मी गेले. आठ वर्षांत पहिल्यांदा त्या घरात पाऊल टाकलं. एक खुर्ची, एक टेबल, खिडकीपाशी दुर्बीण. बसायला दुसरी खुर्ची नव्हती म्हणून आम्ही दोघंही उभेच राहिलो. त्यांनी ऐकून घेतलं, 'गेनाऊ', म्हणजे अगदी बरोबर, म्हणाले, आणि परत एकदा 'गेनाऊ'. तुझे वडील बरोबर येतील का, असं त्यांनी विचारलं. मी खाली येऊन बाबांना विचारलं. बाबा म्हणाले, माझं तिथं काय काम.

मंगळवारी ते गेले. मी त्या दिवशी रजा काढली होती. बाबा सकाळपासून गॅलरीत. मी म्हटलं, अहो, बसा तरी. नाही बसले. दुपारी तीनच्या सुमारास बेल वाजली आणि दार बाबांनीच उघडलं. कॅप्टन इस्त्रीचा शर्ट घालून उभे, चेहरा पांढराफटक. ह्या वेळी मी एकही शब्द गाळला नाही.

मेकॅनिकनं दार उघडलं. ओळखायला वेळ लागला. आत या म्हणाला नाही, हात पुढे केला नाही. कॅप्टननी दारातच उभं राहून जे सांगायचं ते सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग म्हणाला, तीन दिवस मला कुणी काही सांगितलं नव्हतं. मला वाटत होतं तू पडलास. माझ्याच हातून काहीतरी ढिलं राहिलं असं वाटत होतं. तीन दिवस मी मनातल्या मनात प्रत्येक नट तपासत होतो. एवढं बोलून त्यानं दार लावून घेतलं. आपटलं नाही, कॅप्टन दोनदा म्हणाले, आपटलं नाही, हळू लावलं.

"ऐकून घेतलं ना?" बाबांनी मला विचारायला लावलं.

हो, घेतलं, कॅप्टन म्हणाले.

बाबांनी आधण ठेवलं. किसणीवर आलं किसलं. दोघं टेबलाला बसून चहा प्यायले आणि एक अक्षर बोलले नाहीत. मला दुभाषी म्हणून काही काम नव्हतं, तरी मी तिथेच बसून राहिले.

बाबांचं परतीचं विमान फ्रँकफर्टहून होतं. मी सोडायला गेले, पाच तासांची गाडी. नव्वदातला एकोणनव्वदावा दिवस. फुल्डा स्टेशन गेलं तेव्हा हिशोबी माणसासारखं मनात आलं, आता तास उरला. मग बोलूनच टाकलं. अर्ज केला होता, मंजूर झालाय, पुढच्या महिन्यात सही. पासपोर्ट परत करावा लागेल. मी परत येणार नाहीये बाबा. दोन वर्षं म्हणाले होते, ते केव्हाच खरं राहिलं नव्हतं. तुम्हाला सांगायचं टाळत होते. माझा आवाज इतका चिरकला की पलीकडच्या बाईनं मान वळवून बघितलं.

बाबा खिडकीबाहेर बघत होते. मला वाटलं, आता उठतील आणि दुसऱ्या डब्यात जाऊन बसतील.

"तुझी स्कूटी आहे ना," ते म्हणाले, "ती मी दर रविवारी चालू करतो. बॅटरी उतरू नये म्हणून. कोपऱ्यापर्यंत एक चक्कर मारून आणतो. इकडे आलो तेवढेच रविवार चुकले."

मला वाटत होतं ती कधीच विकली असेल. मी कधी विचारलंही नव्हतं. अकरा वर्षं. ते दर रविवारी माझ्या हेल्मेटवरची धूळ पुसत होते आणि मी इथे शहाण्यासारखी समजत होते की त्यांना काय ते कळलं असेल. मला रडू आवरेना. त्यांनी खिशातून घडी घातलेला रुमाल काढून माझ्या हातात दिला.

"म्हणजे आता विकली तरी चालेल?" त्यांनी विचारलं.

"चालेल, बाबा."

"बरं झालं सांगितलंस," ते म्हणाले. "आता रविवारी मोकळा."